एक्केचाळीस शिल्पांचा दाखला

इराइदा पावलोव्नाची पुस्तकाची आठ प्रकरणं लिहून झाली होती. दहावं आणि अकरावंही झालं होतं. राहिलं होतं ते फक्त नववं. प्रकाशकाने दोनदा विचारलं, तेव्हा 'साधनं मिळत नाहीत' असं तिने ठोकून दिलं. खरं तर साधनांना तोटा नव्हता. नवव्या प्रकरणाचं सगळ्यांत मोठं साधन ती स्वतःच होती, आणि घोडं तिथेच अडलं होतं.

पुस्तक झिनोवी मार्कोविच फ्रुमिन या शिल्पकारावर होतं. अर्थात त्याला शिल्पकार म्हणायला लागले ते आत्ता आत्ता. त्याच्या हयातीत आमच्या लेनिनग्रादमध्ये शिल्पकार म्हणजे कलाकार संघाच्या यादीत नाव असलेला माणूस. ज्याचं नाव यादीत नाही तो नुसताच दगड फोडणारा, आणि नोकरी नसेल तर ऐतखाऊ म्हणून पोलीस उचलणार. म्हणून फ्रुमिन वासिल्येव्स्की बेटावरच्या एका वसाहतीच्या बॉयलरवर कामाला लागला. एक दिवस पाळी, तीन दिवस सुट्टी. त्या तीन दिवसांत बॉयलरच्या शेजारच्या तळघरात तो छिन्नी चालवायचा.

संगमरवर संघवाल्यांना, ग्रॅनाइटही त्यांनाच. मग याला दगड कुठला? दर उन्हाळ्यात भट्टी थंड करून तिचं आतलं अस्तर काढायचे, त्या काळ्या, भाजून भाजून लोखंडासारख्या झालेल्या विटा हा जमा करायचा. चार-चार, सहा-सहा विटा सांधून त्यातून माणसं काढायचा. पंधरा वर्षांत त्याने अशी चव्वेचाळीस शिल्पं केली. त्यांतली तीन त्याने लोकांना देऊन टाकली होती म्हणून आज आहेत. बाकीची एक्केचाळीस नाहीत.

इराइदाने त्यातलं एक पाहिलं ते एक्क्याण्णव साली, एका दाताच्या डॉक्टरणीच्या स्वयंपाकघरात. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावलेलं एका म्हाताऱ्याचं डोकं. वाट पाहून पाहून शेवटी ऐकण्यापुरता जागा राहिलेला माणूस असतो ना, तसं. इराइदा वीस वर्षं कलेच्या इतिहासात होती, पण त्या दाराशी ती उकिडवी बसली ती उठेचना.

"हे कुणाचं?"

"होता एक बॉयलरवाला," डॉक्टरीण म्हणाली. "दाढ काढली त्याची, तर पैशांऐवजी हे देऊन गेला. फ्रुमिन का कोण."

हे नाव इराइदाने एकदा स्वतःच्या हाताने, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं.

ते सत्त्याहत्तर साल. लोक देश सोडून चालले होते, आणि कलाकाराला जायचं तर स्वतःच्या कामासाठीसुद्धा समितीचा दाखला लागायचा. काम चांगलं ठरलं तर ती राष्ट्राची ठेव, मग एक तर नेऊ द्यायचे नाहीत, नाही तर त्याच्या किमतीइतका कर भरायला लावायचे. काम भिकार ठरलं की खुशाल न्या. तेव्हा समितीवर कुणी मायेचं माणूस असलं, तर ते मित्राच्या उत्तमोत्तम कामावर 'कलामूल्य नाही' असा शिक्का मारून द्यायचं. हा आमचा उपकार करण्याचा रिवाज होता. 'अमक्याला कलामूल्य नाही मिळालं!' अशी बातमी आली की लोक बाटली फोडायचे, गळ्यात पडून अभिनंदन करायचे. जगात दुसरीकडे कुठे असं घडत असेल तर मला ठाऊक नाही.

इराइदा तेव्हा एकोणतीस वर्षांची, समितीतली सगळ्यांत धाकटी. संग्रहालयात चौकटी बसवणारा याशा तिच्याकडे आला. फ्रुमिनचा दोस्त.

"एक्केचाळीस नग आहेत," तो जिन्यात कुजबुजला. "सगळ्यांना भिकार म्हण, तुझे पाय धरतो."

"आधी बघायला नकोत?"

"अजिबात नको! खाली जाऊच नकोस. बघितलंस तर लिहिताना हात थरथरेल, आणि सही थरथरली की वरचे लोक पुन्हा तपासणी लावतात. यादी आहे, फोटो आहेत. दे ठोकून."

फोटो काड्यापेटीएवढे होते आणि काळोखात काढलेले. फॉर्मवर एक ओळ होती: 'सर्व नग प्रत्यक्ष पाहून'. जड शिल्पांच्या बाबतीत समितीतल्या एकाने जागेवर जाऊन पाहायचं, असा नियम होता आणि ते काम धाकटीवर टाकलेलं होतं. बाहेर गारठा होता, संध्याकाळी तिला नाटकाला जायचं होतं, आणि आपण एक चांगलं काम करतो आहोत याची तिला खात्री होती. तिने त्या ओळीखाली सही ठोकली. हात मुळीच थरथरला नाही.

पुढे काय झालं ते सगळ्यांच्याच तोंडी आहे. फ्रुमिनला परवानगी नाकारली. सैन्यात असताना तो रॉकेटच्या तळावर होता म्हणे, म्हणजे गुपितं जाणतो. तिथे त्याने दोन वर्षं बटाटे सोलले होते. तो राहिला, दाखलाही राहिला. एकोणऐंशीच्या वसंतात वसाहतीच्या कचेरीला नळ टाकायला तळघर हवं झालं. फ्रुमिन दारात आडवा झाला, ओरडला, ही शिल्पं आहेत! साहेब म्हणाला, असा काही कागद आहे का? कागद होता. त्यावर नेमकं उलटं लिहिलं होतं, तीन सह्यांनिशी. ट्रकच्या दोन खेपांमध्ये सगळं गेलं. खाडीकाठी नवी वस्ती उठत होती, तिच्या पायाभरणीत भर म्हणून; शेवटी विटा त्या विटाच.

त्यानंतर त्याने छिन्नी हातात धरली नाही. अठ्ठ्याऐंशीत फुप्फुसाने गेला. याशा त्याच्या आधीच परदेशात जाऊन मेला होता. समितीतले दोघे म्हातारे तर कधीच गेले होते. कागदपत्रांच्या दप्तरात नळ फुटून पाणी शिरलं, फोटोंचा लगदा झाला. इराइदाने शोधून काढली ती नुसती यादी: 'क्रमांक चार, पुरुष, डोकं, भट्टीची वीट, एकतीस सेंटिमीटर. क्रमांक सतरा, बसलेली बाई, भट्टीची वीट, चौसष्ट सेंटिमीटर.' आणि खाली स्वतःची सही. त्या वेळी तिचं आडनाव लेब्याझिना होतं. मग लग्न झालं, ती स्तोल्बोवा झाली. लग्न मोडलं पण आडनाव राहिलं, आणि ते असं कामी येईल असं तिला वाटलं नव्हतं.

कारण फ्रुमिनच्या बायकोकडे ती गेली ती स्तोल्बोवा म्हणून.

मुनिरा खासानोव्ना तातार वंशाची, ट्रामच्या डेपोत गाड्या सोडण्याचं काम करायची. फ्रुमिनशी लग्न केलं ते एक्क्याऐंशीत, ट्रक येऊन गेल्यावर दोन वर्षांनी. "लोकांना शिल्पकार भेटला," ती म्हणायची, "माझ्या वाट्याला खोकणारा बॉयलरवाला आला." वर्षभर इराइदा दर रविवारी तिच्याकडे जात होती. 'आपा', म्हणजे ताई, म्हणायचं, असं मुनिराने पहिल्याच महिन्यात बजावलं. दुसऱ्या महिन्यात तिने फ्रुमिनची पत्रं दिली, चौथ्यात अवजारं दाखवली. एक वही मात्र अजून बाहेर काढली नव्हती. "ती शेवटी," म्हणायची. "माणूस कळल्यावर."

ती वही हवी होती, आणि सही लपवून ती घेणं इराइदाच्या जिवावर आलं होतं. बरं, सांगावं तर वही गेली, पुस्तकही गेलं. बाई तोंडावर दार आपटेल, आणि आपटावंच तिने. चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी, ट्राममध्ये बसूनच तिने ठरवलं की आज सांगायचं. माफी मागायची तीन वाक्यंही घोकून ठेवली.

दार उघडलं क्लिम तेरेन्त्येविचने. त्या सामाईक घरात पाच खोल्या, पाच बिऱ्हाडं आणि एक स्वयंपाकघर होतं. जहाजाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला हा क्लिम दिवसभर त्या स्वयंपाकघरात शेगडीजवळ ठाण मांडून बसायचा.

"आली पुस्तकवाली!" तो आत वळून ओरडला. "मुनिरा, चहा टाक! तुझ्या नवऱ्यावर तुझ्याहून जास्त जीव असलेली बाई आली!"

"तुम्ही आधी ते खाकरणं थांबवा, क्लिम तेरेन्त्येविच," आतून आवाज आला. "आणि दार लावा, सगळा जिना गरम करायचा आहे का?"

"माझं नाव टाका हो पुस्तकात," क्लिमने इराइदाला गाठलंच. "तुमचा शिल्पकार रोज नळ उघडा ठेवायचा. सात वर्षं तो नळ मी बंद केला. हेही योगदानच की."

मुनिराने बटाटा-मांस भरलेले तिकोनी पाव भाजले होते, हाताला अजून पीठ होतं. दुधाचा चहा ओतला. इराइदाने घास तोंडात घातला नाही. खाऊन मग सांगणं म्हणजे चोरी झाली असती.

"आपा, थांबा. आधी बोलते. सत्त्याहत्तरच्या दाखल्यावर तीन सह्या आहेत."

"आहेत. पाठ आहेत मला. ओसिपोव, ग्रुझ्देव, लेब्याझिना."

"लेब्याझिना मी आहे."

मुनिराच्या हातातली किटली टेबलावर आली. इराइदाला घोकलेल्या तीन वाक्यांतलं पहिलंसुद्धा आठवेना. ती खाली बघत बसली, आणि आता हाकलून देतील म्हणून कोटाकडे हात नेला. तेवढ्यात मुनिरा टेबलाला वळसा घालून आली आणि पिठाच्या हातांनी तिचं तोंड धरून दोन्ही गालांचे मुके घेतले.

"तुम्ही? तुम्ही ती? अगं बाई, आणि वर्षभर इथे बसून माझे पाव खाताय, गुपचूप!" तिने दार उघडून बाहेर हाक मारली. "क्लिम तेरेन्त्येविच! अहो, ती आली! समितीतली मुलगी! ती रडलेली!"

क्लिम खोलीच्या दारात आला. डोक्यावरची टोपी काढली. ही टोपी तो झोपतानाही काढत नाही असं घरात म्हणत.

"म्हणजे तुम्ही खरंच होतात?" तो म्हणाला. "झिनोवीने सांगून सांगून आमचे कान किटवले होते. मी म्हणायचो, थापा मारतो लेकाचा. माफ करा हं."

"बघा!" मुनिरा म्हणाली. "सात वर्षं चिडवलंत त्याला. आता जा, आणि तोंड बंद ठेवा जरा."

क्लिम गेला. इराइदाला काही कळत नव्हतं. मुनिरा खुर्चीवर चढली, कपाटावरून मेणकापडात गुंडाळलेली वही खाली काढली आणि तिच्यापुढे ठेवली.

"तुम्हालाच द्यायची होती ही. तो म्हणायचा, एक दिवस ती येईल बघ. आणि मी तुम्हाला सही केली म्हणून शिव्या देईन असं वाटलं तुम्हाला? तुम्ही त्यांना बाहेर काढायला लिहिलंत ते. पुढे मेल्यांनी त्याचं काय केलं, त्यात तुमचा काय दोष?"

तिने वही उघडली आणि वाचायला लागली. वाचायला कसलं, सगळं पाठच होतं, पानाकडे तिचं लक्षही नव्हतं.

"'चौदा ऑक्टोबर. समितीची मुलगी आली. मी म्हटलं, दिवा एकच आहे. म्हणाली, पुरे. हातमोजे काढले. मी म्हटलं, विटा गार आहेत. म्हणाली, असू देत. एकेकासमोर उभी राहिली, बाजूने पाहिलं, मागून पाहिलं. अडीच तास. सतरासमोर फार वेळ. मग तिने पाठ फिरवली आणि मला कळलं, रडते आहे. म्हणाली, झिनोवी मार्कोविच, मी आता जे लिहिणार ते खोटं आहे, हे आपण दोघांनी लक्षात ठेवायचं. मी म्हटलं, ठेवीन. आता ही गेली तरी चालतील, राहिली तरी चालतील. एका माणसाने सगळी पाहिली.'"

मुनिराने डोळे पुसले. "ट्रकचं दुःख तो बोलायचा नाही कधी. पण खोकल्याने बसवेनासं झालं की हे सांगायचा. एका माणसाने सगळी पाहिली, मुनिरा. मी तर एकही पाहिलं नाही. लोक आले तरी दारू प्यायला यायचे, दोन-चार बघायचे. सगळी बघितलेल्या फक्त तुम्ही."

इराइदाने वही जवळ ओढली. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप पान खिडकीकडे तिरकं करू लागले. सत्त्याहत्तरच्या सगळ्या नोंदी पेन्सिलीत होत्या. ही एकच जांभळ्या बॉलपेनात, आणि तसलं पेन पुढे ब्याऐंशीच्या पानांवर होतं. जांभळ्या अक्षरांखाली खोडरबराने घासून पातळ झालेला कागद होता, आणि उजेडात पेन्सिलीचा दाब अजून दिसत होता. 'चौदा. नाही आले. पंधरा. नाही आले. सतरा. पुन्हा पुसून घेतली सगळी. नाही आले.'

म्हणजे पाच वर्षांनी त्याने खरं खोडून त्या जागी ही नोंद रचली होती. तिला शरम वाटली, आणि शरमेच्या मागोमाग, खोटं कशाला बोलू, मोहही आला. नववं प्रकरण हे असं समोर तयार पडलं होतं. शिल्पकाराच्या हस्ताक्षरातली नोंद, तारखेसकट. ती छापली की झालं. काळाकुट्ट काळ, आणि त्या काळात तळघरात हातमोजे काढून उभी राहिलेली एक मुलगी. खोटं पाडणारं कुणी जिवंत नाही. तिने काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं पाव खात बसली असती तरी भागलं असतं.

"एक विचारू?" मुनिरा खुर्ची ओढून अगदी जवळ बसली. अठ्ठावन्न वर्षांची ती बाई एकदम लाजली होती. "सतरावी कोण होती? त्याला विचारायची माझी छाती झाली नाही. आई असेल म्हणावं, तर कुणी त्याच्या पहिल्या बायकोचं नाव घेतं. मला काही राग नाही हो, मेलेल्या विटांचा कसला राग! पण दिसायला कशी होती? हात मांडीवर होते का? तरुण होती का? तुम्ही रडलात, म्हणजे काहीतरी असणारच. सांगा ना. हळूहळू सांगा, म्हणजे मला दिसेल."

आणि तिने डोळे मिटले.

इराइदाला सांगता आलं असतं. फ्रुमिनचा हात तिला इतका पाठ होता की पापणी तो कशी कापायचा, गळ्याशी वीट कशी सांधायचा, हे ती झोपेतही सांगू शकली असती. "हात," ती म्हणाली, "हात तिचे..." समोर पीठ लागलेला, वाट पाहणारा, मिटल्या डोळ्यांचा चेहरा होता. आपण त्यावर काहीबाही रंगवायला निघालो आहोत, ही मरेपर्यंत तेच बघत बसणार, या विचाराने तिने वाक्य तिथेच सोडलं.

"आपा, मी आले नव्हते."

मुनिराने डोळे उघडले. "कुठे?"

"तळघरात. मी कधीच उतरले नाही तिथे. ऑफिसात बसून सही केली. याशा म्हणाला, बघू नकोस. मला नाटकाला जायचं होतं."

"विसरला असाल."

"नाही हो."

"सतरा वर्षं झाली. दिवसाला किती कामं बघत असाल तुम्ही." मुनिराचा आवाज कडक झाला. "पण रडलात आणि विसरलात? असं कसं विसरतं माणूस? आठवून बघा. दिवा एकच होता. विटा गार होत्या."

"आपा, मी आले नव्हते, खरंच."

"म्हणजे माझा नवरा खोटारडा?"

इथे इराइदाने गप्प बसायला हवं होतं. रडायला हवं होतं, पाय धरायला हवे होते, काहीही चाललं असतं. पण आयुष्यभर ज्यावर पोट भरलं तेच नको त्या वेळी हाताशी आलं. कुणी शंका घेतली की पुरावा द्यायचा. तिने वही उचलली, पान खिडकीच्या उजेडात तिरकं केलं आणि जांभळ्या शाईखालच्या ओळींवर बोट ठेवलं.

"हे बघा. आधीचं खोडलेलं आहे. चौदा, नाही आले. पंधरा..."

मुनिराने चष्मा लावला. तिचे ओठ हलत होते. सतरा तारखेच्या ओळीपाशी ती थांबली आणि 'पुसून घेतली सगळी' एवढे शब्द मोठ्याने वाचले. मग तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. रडली नाही. बशीतला तिकोनी पाव उचलून दुसऱ्या बशीत ठेवला, परत पहिल्या बशीत ठेवला.

"तीन दिवस," ती म्हणाली. "एक्केचाळीस आहेत. एकेक किती जड. ओल्या फडक्याने पुसायची म्हणजे उचलून वळवावी लागत असणार."

"आपा, माझी चूक..."

"तुम्ही थांबा." तिने हात वर केला. "तुम्ही आला नाहीत ते मला कळलं. थंडी होती, तरुण होतात, याशा नको म्हणाला. त्याने तुम्हाला कधीच माफ केलं होतं, तेव्हा मी कोण? माफच काय, त्याने तुम्हाला तिथे आणून उभं केलं, हातमोजे काढायला लावले, रडवलं. सात वर्षं तो तुमच्यासाठी खोटं बोलला, इराइदा पावलोव्ना. खोकल्याने जीव जात असताना बोलला. आणि तुम्हाला एक दुपार ते खोटं निभावणं जमलं नाही?"

खरं बोलल्यावर मन हलकं होतं असं इराइदाने ऐकलं होतं. तिला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं वाटत होतं, आणि मारणाऱ्याचं चुकलं असंही म्हणता येत नव्हतं.

मुनिराने वही बंद केली, मेणकापडात गुंडाळली, सुतळी बांधली. गाठ नीट बसेना, दोनदा सोडून बांधली. मग ती वही तिने इराइदाच्या हातात दिली.

"न्या."

"नको आपा. ही तुमची आहे."

"माझी होती. आता माझ्यासाठी त्यात वाचण्यासारखं काही उरलं नाही. तुमच्या उपयोगाची आहे, छापा. खालचंही छापा, वरचंही छापा. त्याचं नाव तेवढं वडिलांच्या नावासकट पूर्ण लिहा, लोक मार्कोविच गाळतात. आणि पुढच्या रविवारी येऊ नका."

वर्षभर जिच्यासाठी खेटे घातले ती वही छातीशी धरून इराइदा उठली. नवव्या प्रकरणाला आता काहीच कमी नव्हतं. बोळात येऊन ती बूट चढवू लागली. नाडी बांधायला वाकली. मुनिरा तिच्यामागे येऊन, दार उघडण्यासाठी म्हणून, भिंतीला टेकून उभी होती. पाहुण्याला दारापर्यंत पोचवायचंच, ही तिची रीत तिने आजही सोडली नव्हती.

स्वयंपाकघरातून क्लिम तेरेन्त्येविचची खुर्ची करकरली.

"काय मग, मुनिरा?" तो ओरडला. "सांगितलं का तिने? कशी होती ती सतरावी?"

इराइदा नाडी हातात धरून तशीच वाकून राहिली. मुनिराने क्षणभर दाराच्या कडीकडे पाहिलं. मग एरवी डेपोतल्या गाड्यांना सोडताना लावायची तसला खणखणीत आवाज लावून म्हणाली,

"सांगितलं तर! तरुण होती. हात मांडीवर ठेवून बसली होती, आणि मान अशी जरा डावीकडे."

"देखणी होती का?"

"देखणी होती म्हणते," मुनिरा म्हणाली आणि तिने दार उघडलं.